गुण्यात नसलेली भिंत

मी स्कॉटलंडला कधी गेलेलो नाही. पण तिथल्या एका घराचा कुठला दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, जिना कितव्या पायरीवर वळतो, स्वयंपाकघरातून जेवणघरात जायला किती पावलं चालावं लागतं, हे मला अजून पाठ आहे. ते घर मी काढलं. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, बाविसाव्या मजल्यावर एसीच्या थेट झोताखाली बसून काढलं. मी पुण्याचा, शिक्षणाने आर्किटेक्ट, आणि तेव्हा परदेशी आर्किटेक्टांना नकाशे काढून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो.

आमचा साहेब लेबनीज. त्याला कुठूनतरी स्कॉटलंडमधल्या एका वयस्क आर्किटेक्टबाईंचं काम मिळालं होतं. बाईंचं ऑफिस म्हणजे त्या स्वतः आणि एक सेक्रेटरी. जुन्या घरांची दुरुस्ती हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. खाडीच्या काठावर एक मोठं दगडी घर होतं, सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतलं. यादीत नाव लागलं की मालकाला परवानगीशिवाय खिडकीची चौकटसुद्धा बदलता येत नाही. या मालकाला तिथे हॉटेल करायचं होतं, आणि त्यासाठी आधी घर जसं उभं आहे तसे त्याचे नकाशे हवे होते. बाईंनी नेमलेल्या दोन सर्व्हेयरांनी टेप लावून मापं घेतली, वहीत हाताने कच्च्या आकृत्या काढून त्यांवर आकडे लिहिले, आणि त्या वहीची पानं स्कॅन होऊन माझ्याकडे आली. शंभराच्या वर पानं होती, काहींवर पावसाचे थेंब पडून शाई पसरलेली.

दर सोमवारी बाईंचा फोन यायचा. पहिले दोन फोन मला त्यांचे उच्चार अजिबात कळले नाहीत, मी आपला ‘येस मॅडम’ म्हणत राहिलो. तिसऱ्या फोनला त्यांनी शांतपणे विचारलं, मी आत्ता काय म्हणाले ते सांगा बघू. त्यानंतर मी समजल्याचं नाटक बंद केलं आणि त्यांनी सावकाश बोलायला सुरुवात केली. मग त्या मला घर सांगू लागल्या. ते एका सुताच्या व्यापाऱ्याने बांधलं होतं. शहरात त्याच्या गिरण्यांचा धूर, म्हणून हा आपल्या बायकोमुलांना घेऊन लांब, पाण्याकाठी राहायला आला. खाडीतून जाणाऱ्या बोटींवरच्या लोकांना दिसावं म्हणून त्याने घराची पुढची बाजू घासून गुळगुळीत केलेल्या पिवळट दगडाची केली, दोन मोठ्या, बाहेर आलेल्या खिडक्या केल्या, आणि भिंतींचे त्रिकोणी माथे पायऱ्यापायऱ्यांचे घडवले. बाजूच्या आणि मागच्या भिंती मात्र ओबडधोबड दगडांच्या. पुढून शेरवानी आणि मागून गंजीफ्रॉक, असं मी म्हटलं, आणि शेरवानी म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर बाई पुष्कळ वेळ हसत होत्या.

आत दोन जिने होते. मालकांचा जिना रुंद, वर काचेचा घुमट, म्हणजे खाली उतरणाऱ्या बाईसाहेबांच्या साडीवर, चुकलो, झग्यावर, वरून उजेड पडावा. नोकरांचा जिना भिंतीत कोंबलेला, इतका अरुंद की बादली घेऊन चढणारी मोलकरीण तिरकीच होत असणार. तिच्या माळ्यावरच्या खोलीला एक छोटी खिडकी होती. मी दुबईतल्या कितीतरी फ्लॅटांच्या नकाशांत मोलकरणीची खोली काढली आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना खिडकी नव्हती. हे मी साहेबाला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, “हबीबी, ड्रॉ द हाउस. डोन्ट मॅरी द हाउस.”

पण माझं त्या घरावर मन बसलं होतं. वर्षात चार दिवस पाऊस पडणाऱ्या गावात बसून मी महिनाभर पन्हळी काढत होतो, पाटीच्या दगडांच्या छपरातून पाणी कुठून कुठे जातं, शिशाचा पत्रा कुठे दुमडतो, हे शोधत होतो. घरी जेवताना मी बायकोला त्या पन्हळींबद्दल सांगायचो. ती माझ्यापुढे आमटीची वाटी सरकवायची.

आता चूक सांगतो. माझी पहिली नोकरी पुण्यात, महापालिकेत मंजुरीचे नकाशे दाखल करणाऱ्या एका आर्किटेक्टकडे. ते म्हणायचे, “भिंत जागेवर कशी आहे ते गवंडी आणि देव बघून घेतील. कागदावर ती गुण्यात पाहिजे.” गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन तपासायचं हत्यार. पेठेतला प्लॉट किती का वेडावाकडा असेना, आमच्या कागदावर खोल्या चौकोनी, कारण वाकडी रेघ दिसली की टेबलापलीकडचा माणूस प्रश्न विचारतो आणि फाइल परत येते. सात वर्षं मी हेच केलं. मग दुबईला आलो, तिथे तर सगळं कोरं, वाळूवर आखलेलं, खरोखरच काटकोनात. वाकडी भिंत म्हणजे मोजणाऱ्याची चूक, हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की त्याचा विचारही करावा लागत नसे.

त्या वहीत शेवटाकडे घराच्या मागच्या भागातलं स्वयंपाकघर होतं. बाकी सगळ्या भिंती दोन फुटांच्या. ही एकच भिंत एका टोकाला पावणेचार फूट, दुसऱ्या टोकाला सव्वातीन, आणि वर तिरकी. खोलीची तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मापं जुळेनात. सर्व्हेयरने समासात एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी त्याच्या गडबडीची कबुली समजलो. थंडीत बोटं आखडली असतील, टेप सुटला असेल. मी भिंत दोन फुटांची केली, गुण्यात आणली, आणि उरलेली जागा दोन्हीकडच्या खोल्यांना वाटून टाकली. वीस मिनिटांचं काम. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दोनतीन आठवड्यांनी बाईंनी फोनवर विचारलं, मागच्या भागात कुठे एखादी जाड भिंत आहे का? त्यांना जमिनीचा एक फार जुना नकाशा सापडला होता. व्यापारी येण्याच्या कितीतरी आधी तिथे एक लहानसं दगडी घर असल्याचं त्यात दिसत होतं. ते पाडलं, की नवं घर त्याच्याभोवती बांधलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंच्या कमरेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मागच्या भागातल्या लाकडी जमिनी कुजलेल्या, त्यामुळे त्यांना स्वतः आत जाता येत नव्हतं. मी स्क्रीनवर माझा नकाशा उघडला, सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हटलं, नाही मॅडम, सगळ्या सारख्याच आहेत. वही उघडायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्या म्हणाल्या, मग गेलं बिचारं. आणि मागचा भाग नंतरचा, साधा, पाडायला हरकत नाही, असा अर्ज गेला आणि मंजूर झाला.

मग २००८ सरता सरता सगळंच कोसळलं. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून हलायच्या थांबल्या. कॉफीचं मशीन भाड्याचं होतं, ते एक दिवस दोन माणसं येऊन घेऊन गेली. मुलगी तेव्हा चौथीत होती. दर गुरुवारी तिच्या वर्गात कुणाच्या तरी निरोपाचं कार्ड बनायचं, आणि अक्षर चांगलं म्हणून ते लिहायचं काम तिच्याकडे. बावीस जणांच्या ऑफिसात उन्हाळ्यापर्यंत आम्ही सहा उरलो. कुणाला काढायचं हे ठरवायची साहेबाची पद्धत सोपी होती. ज्याचा व्हिसा संपत आला तो गेला. नूतनीकरणाचा खर्च कोण करणार? खलास.

माझा व्हिसा जूनमध्ये संपत होता. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, तुझा रिन्यू करतोय, कारण ती स्कॉटिश लेडी तुझ्याशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि आपल्याकडे आता तेवढंच एक फॉरेनचं काम उरलंय. माझा पासपोर्ट पीआरओकडे गेला. सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा आमचा तो मल्याळी गडी म्हणाला, “आठ-दस दिन लगेगा, इन्शाल्ला.” एकदा स्टॅम्प पडला की तीन वर्षांचा खर्च केलेल्या माणसाला साहेब सहसा काढत नसे.

मंदी तिकडेही होतीच. हॉटेल बारगळलं. मालकाने आता फक्त मागचा भाग पाडून पुढचं देखणं घर विकायचं ठरवलं. मंजुरी हातात होतीच. पाडल्यावर उघडी पडणारी बाजू कशी बंद करायची, याचे तपशील माझ्याकडे आले. दगड कुठे कापायचा हे नक्की करायला मी एका रविवारी सकाळी मूळ वही उघडली.

ते पान समोर आलं. पावणेचार फूट. सव्वातीन. तिरकी. त्या भिंतीच्या जाडीत कच्च्या रेघेने काढलेला एक छोटा चौकोन, जो मी मागे कपाट समजून सोडून दिला होता. ती बुजवलेली खिडकी होती. बाहेरच्या भिंतीला असते तशी, आत रुंद होत जाणारी. बाई शोधत होत्या ते जुनं घर तिथेच होतं. व्यापाऱ्याने ते पाडलं नव्हतं, पोटात घेतलं होतं. पाडलं होतं मी, माउसने.

दुपारभर मी काम करत असल्याचं सोंग केलं. बाईंना सांगितलं तर काम थांबणार, माझ्या नकाशामुळे त्यांची मान खाली जाणार, त्या आम्हाला काम देणं बंद करणार, आणि साहेब पीआरओला फोन करून म्हणणार, पासपोर्ट परत आण. मग तीस दिवसांत घर मोकळं करून देश सोडायचा. पुण्यात तेव्हा माझ्या वयाच्या माणसाला कोण नोकरी देणार होतं? यातलं काहीच मी वाढवून सांगत नाही. मी घाबरलो होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती गिरगावची, कुठल्याही गोष्टीला आधी प्रश्न विचारते.

“पाडणार कधी आहेत?”

“शेड्यूलमध्ये महिनाअखेर लिहिलंय.”

“आणि स्टॅम्पिंग?”

“आठ-दहा दिवस.”

“मग झालं तर. सांगू नको असं मी म्हणतच नाहीये. सांगायचंच आहे. पण पासपोर्ट हातात येऊ दे. इतकी वर्षं उभी आहे ना ती भिंत, अजून दहा दिवस काही पडत नाही.”

मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट टेल देम?”

“तू होमवर्क कर,” आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

बायकोचं म्हणणं मला पटलं, हे सांगून मला तिच्यावर काही ढकलायचं नाही. ती नसती म्हणाली तर मी स्वतःच म्हणणार होतो. ती म्हणाली याचा मला आनंद झाला, एवढंच.

बुधवारी व्हिसाच्या मेडिकलला मुहैस्नाला गेलो. हिंदी बोलणारे सगळे त्या भागाला सोनापूर म्हणतात. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान, त्यामुळे बायकोला ते नाव कधीच तोंडी आणवलं नाही. रक्त देण्याच्या रांगेत माझ्यापुढे तीन बांधकाम मजूर होते, एक बिहारचा, दोन आंध्रचे. त्यांची मूळ कंपनी बंद पडली होती आणि दुसऱ्या कुणी तरी त्यांना घेतलं होतं. बाहेर मजुरांच्या कॅम्पच्या दारात एक बस उभी, तिच्या टपावर गुंडाळलेल्या गाद्या बांधत होते. बिहारचा म्हणाला, “साब, ये लोग वापस जा रहे हैं. हमारा तो भगवान ने सुन लिया.” मी त्याला माझंही ऐकलंय असं म्हणालो. छातीचा एक्स-रे काढताना त्यांनी श्वास रोखायला सांगितला, आणि तो सोडल्यावरही मला मोकळं वाटलं नाही.

त्या सोमवारी तिकडे सुट्टी असल्याने बाईंचा फोन आला नव्हता; पुढच्या सोमवारी नेहमीप्रमाणे आला. त्यांच्याकडे हवा छान होती, पहिल्यांदाच काठीशिवाय बागेत चालल्या होत्या. तुमच्याकडे किती तापमान आहे? मी म्हटलं, बेचाळीस. त्यांनी तपशिलांचं विचारलं. मी म्हटलं, एक-दोन गोष्टी तपासतोय, या आठवड्यात पाठवतो. हे शब्द मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते.

गुरुवारी दुपारी पीआरओने पासपोर्ट आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो स्टॅम्प पाहिला, तारीख दोनदा वाचली आणि लगेच मेल लिहायला घेतला. त्या भिंतीचं पान जोडलं, बुजवलेल्या खिडकीभोवती लाल गोल केला, चूक माझी आहे, सर्व्हेयरची नाही, हे स्पष्ट लिहिलं. पहिली ओळ अशी होती: आज जुनी पानं तपासताना माझ्या लक्षात आलं की. ‘आज’ हा शब्द मी खोडला होता. मग परत लिहिला.

अर्ध्या तासात फोन वाजला. बाई इतक्या भरभर बोलत होत्या की पहिल्या दिवसांसारखं मला काहीच कळेना. मग त्या थांबल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, मंगळवारी सुरू झालं. मंदीत रिकामा बसलेला कंत्राटदार ठरल्यापेक्षा लवकर आला होता. मालकाने कुणाला कळवलं नव्हतं, कळवण्याचं बंधन त्याच्या समजुतीने नव्हतं. बाईंनी तिकडून काम थांबवायला लावलं तेव्हा गुडघाभर भिंत उरली होती. कामगारांनी नंतर सांगितलं, ती फार चिवट होती, बाकीचा भाग एका दिवसात खाली आला आणि या एका भिंतीनेच वेळ घेतला. तिच्यात एक बसकी कमानदार चूल निघाली आणि खिडकीत उभा दगडी गज होता. तो ट्रकमध्ये गेला.

नोकरी गेली नाही. बाईंनी साहेबाकडे तक्रारच केली नाही. उलट त्या मला म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. मी ‘येस मॅडम’ म्हटलं. या वेळी मला त्यांचा प्रत्येक शब्द कळला होता.

त्यांनी एक काम मागितलं. वहीतल्या मापांवरून मागचा भाग परत काढून द्या, जसा होता तसा, वाकडा. तो आता तेवढाच उरणार होता. मी सुट्टीचे चार शुक्रवार घालवून तो काढला. भिंत पावणेचार आणि सव्वातीन, तिरकी. खिडकी जमिनीपासून किती उंच होती ते कुणी मोजलेलं नव्हतं. पूर्वीचा मी असतो तर अंदाजाने बसवून दिली असती, कुणालाही संशय येणार नाही इतकी सुरेख. त्या जागी मी लिहिलं, माप घेतलेलं नाही. चूल तर वहीत नव्हतीच, कामगारांच्या सांगण्यावरून तुटक रेघेने काढली.

साहेबाने पुढच्या वर्षी कंपनी गुंडाळली, पण माझ्या पासपोर्टवर अजून दोन वर्षं होती, तेवढ्यात मला अल ऐनला काम मिळालं. तिथे जुन्या मातीच्या घरांची मापं घ्यायची होती. त्यांतली एकही भिंत गुण्यात नाही, आणि मी प्रत्येक खोलीची दोन्ही तिरकी मापं घेतो, उन्हात, दोनदा. बरोबरीचे लोक वैतागतात. मुलगी तिथेच बारावी झाली. ती सगळी वर्षं मला त्या स्टॅम्पनेच दिली, आणि ती चांगली गेली, हेही खरं आहे.

अल ऐनच्या पत्त्यावर एकदा पाकीट आलं. बाईंनी त्या घराचा इतिहास लिहून एक लहान पुस्तिका छापून घेतली होती. व्यापारी, त्याच्या गिरण्या, दोन जिने, खाडीतून दिसणारं घराचं तोंड, आणि शेवटी त्याच्याही आधीचं घर, माझ्या नकाशासकट. मागच्या पानावर आभार होते. त्यात माझं नाव, आणि पुढे असं काहीतरी, की आपली चूक लक्षात आली त्याच दिवशी यांनी ती कळवली, असा प्रामाणिकपणा आमच्या व्यवसायात दुर्मीळ आहे.

मी ती पुस्तिका बायकोकडे दिली. तिने चष्मा लावून ती ओळ वाचली. रविवार ते पुढच्या आठवड्याचा गुरुवार, अकरा दिवस, हे तिलाही माहीत होतं.

“तू त्यांना नंतर कधी सांगितलंस?” तिने विचारलं.

“नाही.”

तिने पुस्तिका मिटली. मग म्हणाली, “हे कुठे ठेवू?”